जिंकत नाहीत, तरी इतके खूश कसे?

नाशिकच्या गंगापूर रोड भागातून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून, त्यांच्याच शब्दांत थोडक्यात देते.

"ताई, माझं वय ४१. मी एका पतसंस्थेत नोकरी करते. मिस्टर ४४ वर्षांचे आहेत, अंबडच्या एका कारखान्यात टूलरूम सांभाळतात. गेल्या वर्षापासून त्यांना गाड्यांच्या शर्यतीचं वेड लागलंय. तीनदा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर जाऊन भाड्याच्या गाडीतून उतरले. अकरावे, नववे आणि बारावे आले. ना बक्षीस, ना पेपरात नाव. तरी घरी येतात ते वरात मिरवून आल्यासारखे! ओट्यावर दोन लिंबं ठेवून मला वळण समजावतात. हा कोईमतूरचा, हा मी, तो आतून आला, मी जागा सोडली, पुढच्या वळणावर मी आतून. शेवटच्या फेरीत त्याच माणसाने यांना मागे टाकलं आणि हे त्याचंच कौतुक करतात. दिवाळीत त्याच्या घरी आपला चिवडा पाठवला. शर्यतीच्या दिवशी माझ्या घशाखाली घास उतरत नाही, सासूबाई देवापुढून उठत नाहीत. मुलगी यंदा दहावीला आहे. ती म्हणते, बाबा आता द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्येसुद्धा हॉर्न वाजवत नाहीत. गेल्या महिन्यात कपाटात कागद शोधताना कळलं की दोन लाख चाळीस हजारांची एफडी मोडली आहे, मला न सांगता. विचारलं तर म्हणाले, 'सांगणारच होतो.' मी कॉलेजात खो-खो खेळायचे. लग्नानंतर सगळं सुटलं, मी कधी हट्ट धरला नाही. मग या वयात यांनाच का? जिंकायचंच नाही तर जीव धोक्यात का घालायचा? आमच्यापासून पळतायत का? 'गाडी की घर' असं एकदाच विचारून टाकू का?"

प्रिय मैत्रिणी,

आधी एफडीचं बोलू. तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि त्यात मी कुठलाही 'पण' लावणार नाही. दोघांच्या संसारातले एवढे पैसे, मुलीच्या दहावीच्या वर्षात, न विचारता मोडले. याला लपवाछपवी म्हणतात. 'सांगणारच होतो' म्हटल्याने ती कमी होत नाही. पण पत्र वाचताना मला सारखं वाटत राहिलं की या पैशांचा राग तुम्ही गाड्यांवर काढताय. शर्यती उद्या बंद झाल्या तरी तो राग जागच्या जागीच राहील. म्हणून तो वेगळा काढा. त्यासाठी एक दिवस ठेवा, त्या दिवशी फक्त पैशाचं बोला, शर्यतीचा विषयही काढू नका. त्यांनी काढला तर म्हणा, 'ते नंतर.'

आता तुमचा मोठा प्रश्न. जिंकायचंच नाही तर कशासाठी?

पहिला नंबर आला तरच शर्यतीत मजा, असं तुम्ही धरून चाललाय. मीही तेच धरून होते. मग एका वर्षी माझा मावसभाऊ, तोही असाच हौसेने शर्यतीत उतरणारा, मला चेन्नईला घेऊन गेला. श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टईला तो ट्रॅक आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने बांधलेला, १९९० पासून सुरू. त्याआधी ही हौशी मंडळी शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती भरवायची. एक फेरी ३.७१७ किलोमीटरची, बारा वळणांची. मला काम मिळालं होतं ट्रॅकलगतच्या भिंतीशी उभं राहून भावाला फळा दाखवायचं. पत्र्याचा काळा फळा, त्यात आकडे सरकवायचे: कितवा नंबर, किती फेऱ्या उरल्या. वरून रणरणतं ऊन.

पहिल्या दोन फेऱ्या मी सगळ्यांत पुढच्या गाडीकडेच बघत होते. तो मुलगा एकटाच पुढे निघून गेला होता. तो समोरून गेला की पुन्हा येईपर्यंत बघण्यासारखं काही नसायचं. आणि मागे, सातव्या-आठव्या नंबरावर, माझ्या भावाची लाल गाडी आणि एक पांढरी गाडी. दर फेरीला आधी आवाज यायचा, मग दोघं एकदम दिसायचे, इतके चिकटून की लांबून एकच रुंद गाडी वाटावी. एका फेरीला पांढरी पुढे, दुसऱ्या फेरीला लाल. मी फळ्यावर आठचा आकडा लावून उभी राहायची आणि ते समोर येईपर्यंत सात झालेला असायचा. हात भरून आले, गळा सुकला, आणि मी ओरडतेय हे मला शेजारच्या मेकॅनिकने सांगितलं तेव्हा कळलं. पहिला कोण आला हे त्या क्षणी मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

शर्यत संपून गाड्या आत आल्या. पांढऱ्या गाडीच्या दारावर हातभर लांबीचा लाल ओरखडा होता. मला वाटलं, आता जुंपणार. पांढऱ्या गाडीतून साठीकडे झुकलेले एक गृहस्थ उतरले, घामाने निथळत होते. त्या ओरखड्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा माझा दोष, मी ब्रेक उशिरा मारला." भाऊ म्हणाला, "नाही हो, मीच तुम्हाला आत जागा ठेवली नाही." अर्धा तास दोघं त्या दारापाशी उभे होते. प्रत्येक वळण पुन्हा एकदा हाताने हवेत काढून झालं. कुणीतरी हातात दिलेलं ताक तसंच राहिलं, कोमट झालं. पलीकडे पहिला आलेला मुलगा कप घेऊन फोटो काढून घेत होता. त्याला बिचाऱ्याला शर्यतीबद्दल बोलायला कुणी नव्हतं, कारण तो एकटाच पळाला होता.

तुमच्या घरच्या ओट्यावरची ती दोन लिंबं म्हणजे हेच आहे. त्यांच्यापुरती शर्यत अकराव्या आणि बाराव्या नंबरात झाली, आणि ती पूर्ण झाली.

हे असं का होतं, तेही सांगते, कारण टूलरूमवाल्याची बायको म्हणून तुम्हाला ते आवडेल. या हौशी शर्यतींत गाड्या मुद्दाम साध्या आणि एकसारख्या ठेवतात. आपल्याकडे फॉर्म्युला एलजीबी १३०० नावाचा एक वर्ग आहे, त्यातल्या गाड्यांना मारुती स्विफ्टचं इंजिन असतं. अमेरिकेत माझदाच्या मियाटा नावाच्या छोट्या दोन सीटच्या गाडीवर हजारो नोकरदार माणसं शनिवार-रविवारी पळतात. इंग्लंडमध्ये ७५० मोटर क्लब १९३९ पासून आहे, तो स्वस्तातल्या ऑस्टिन सेव्हन गाड्यांभोवती उभा राहिला. इंजिन लहान असलं की एक गंमत होते. वळणात चूक करून वेग गमावला तर तो पुढे पैशाच्या किंवा इंजिनाच्या जोरावर भरून काढता येत नाही. त्यामुळे सगळी मदार हातावर. शिवाय पुढची गाडी हवा फाडत जाते, तिच्या मागे अगदी जवळ राहिलं की मागच्याला हवेचा अडसर कमी लागतो आणि सरळ रस्त्यावर तो खेचला जातो. म्हणून पुढे गेलेला सहजी पळून जाऊ शकत नाही. दोन सारखी माणसं सारख्या गाड्यांत बसली की ती एकमेकांपासून सुटतच नाहीत.

यात एक नियम आहे, आणि तुमचे पती लिंबं सरकवताना 'मी जागा सोडली' म्हणतात ते यालाच धरून. दोन गाड्या जोडीने वळणात शिरल्या की प्रत्येकाने दुसऱ्यासाठी निदान एका गाडीची रुंदी सोडायची. आतल्याने बाहेरच्याला रस्त्यावरून ढकलायचं नाही, बाहेरच्याने आतल्याच्या अंगावर यायचं नाही. शंभराच्या वेगात, दारापासून हातभर अंतरावर दुसऱ्याचं चाक फिरताना, तो माणूस जागा सोडेलच हा भरवसा ठेवून स्टिअरिंग वळवायचं. परक्या माणसावर इतका भरवसा टाकायची वेळ आपल्यावर आयुष्यात किती वेळा येते? कोईमतूरच्या त्या गृहस्थांना चिवडा का गेला, हे मला यातून कळतं.

आणि तुम्हाला हे कळणार नाही असं मला मुळीच वाटत नाही. खो-खोत तुम्ही पळताना पाठलाग करणाऱ्या मुलीची बोटं पाठीला लागणार इतक्यात हूल देऊन दोन बसलेल्या मुलींच्या मधून निसटला असाल. पाठलाग करणारी एकदा खांबाच्या दिशेने निघाली की तिला मागे फिरता येत नाही. वळणातही तसंच, ब्रेक मारून आत शिरलं की मत बदलता येत नाही, आणि समोरच्याला ते माहीत असतं. त्या क्षणी तुम्हाला स्पर्धेत कितवा नंबर येणार याची आठवण होती का? आणि मॅच संपल्यावर जिने तुम्हाला शेवटी बाद केलं तिच्याच शेजारी बसून तुम्ही वडापाव खाल्ला नव्हता का?

आमच्यापासून पळतायत का, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त लागला. मी त्यांना ओळखत नाही, त्यामुळे खात्रीने काही म्हणणार नाही. पण तुमच्याच पत्रातलं एक चित्र तुमच्यासमोर धरते. घरापासून पळणारा माणूस आपली खरी मजा घराबाहेरच ठेवतो, ती स्वयंपाकघरात आणून ओट्यावर मांडत नाही. ते तुम्हालाच दाखवायला येतात. तुम्ही कुकरच्या शिट्ट्या मोजत असता तेव्हा येतात, हे चूकच. तरी येतात. दिवसभर शतांश मिलिमीटरच्या हिशेबात राहणारा माणूस, ज्याचं काम नीट झालं की कुणाच्या लक्षातही येत नाही, त्याला चव्वेचाळिसाव्या वर्षी कुणीतरी बरोबरीचा भेटला आहे. हे त्यांना तोंडाने सांगता येत नसेल. तुम्ही विचारा. 'का जाता' असं न विचारता 'तो अगदी शेजारी असतो तेव्हा काय वाटतं' असं विचारा. उत्तर वेगळं येईल.

आता भीतीचं. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये याच ट्रॅकवर गाड्यांच्या शर्यतीत एका जुन्या, अनुभवी चालकाचा मृत्यू झाला. हा खेळ धोक्याचा आहे आणि तुमच्या पतींनी हे तुमच्यासमोर मोकळेपणाने कबूल केलं पाहिजे, 'काही होत नाही गं' म्हणून उडवून लावता कामा नये. मात्र भीतीला प्रश्नांचं रूप दिलं तर तिच्याशी काहीतरी करता येतं. भाड्याच्या गाडीत लोखंडी पिंजरा, म्हणजे रोल केज, कसा आहे आणि शर्यतीआधी तपासणी कोण करतं? सीटचे पट्टे कुठल्या सालचे? अंगातला सूट आगीपासून वाचवणारा आहे का? हेल्मेट स्वतःचं आहे की टीमचं वापरलेलं? ते मोटरसायकलचं चालत नाही, गाड्यांच्या शर्यतीच्या हेल्मेटचं अस्तरही आगीचा विचार करून केलेलं असतं. मानेला आधार देणारं हॅन्स नावाचं साधन ते वापरतात का? फॉर्म्युला वनमध्ये ते २००३ पासून सक्तीचं आहे, कारण आदळल्यावर धड पट्ट्यात अडकून राहतं आणि डोकं पुढे फेकलं जातं, त्या झटक्याने माणसं दगावत होती. पैसे वाचवायचेच असतील तर टायरवर वाचवा, चहा-नाश्त्यावर वाचवा. हेल्मेट आणि मानेच्या आधारावर वाचवायचे नाहीत, हे तुम्ही ठणकावून सांगा. तो तुमचा हक्क आहे.

विम्याचं फार कमी घरांत बोललं जातं. आपल्या नेहमीच्या गाडीची पॉलिसी काढून बघा. वापराच्या मर्यादांत शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळल्याचं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. वैयक्तिक अपघात विम्यातही साहसी खेळ वगळलेले असू शकतात, आणि आयुर्विमा घेताना असा छंद विचारला असेल तर तो लपवू नये. कंपनीला लेखी विचारा, उत्तर लेखी घ्या. आयोजक चालकांचा विमा काढतात का, किती रकमेचा, हेही शर्यतीची फी भरण्याआधी विचारायचं. देशातल्या अधिकृत शर्यती एफएमएससीआय या महासंघाच्या परवान्याने होतात, चालकालाही परवाना लागतो. त्याशिवायच्या कुठल्याही 'मित्रमित्रांच्या' शर्यतीला तुमचा नकार पक्का असू द्या.

जरा बाजूला जाऊन एक बोलते, कारण हे सदर नाशिकची तरुण मुलंही वाचतात. रात्री अकरानंतर रिकाम्या गंगापूर रोडवर किंवा समृद्धीवर दोन गाड्या जोडीने सोडणं म्हणजे मी वर लिहिलं ते नव्हे. तिथे समोरून येणाऱ्या दुधाच्या टेम्पोवाल्याने तुमचा खेळ मान्य केलेला नसतो, त्याला कुणी धोक्याचा पिवळा झेंडा दाखवत नाही. मोटार वाहन कायद्याच्या १८९ कलमाखाली सार्वजनिक रस्त्यावर विनापरवाना शर्यत लावणं हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास वर्षभरापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ज्या आईवडिलांना मुलाबद्दल अशी शंका आहे त्यांनी आधी चावी काढून घ्यावी आणि मग बोलावं.

मैत्रिणी, तुमच्या घरी उलट घडलंय, याची नोंद तुमच्या मुलीने केली आहे. द्वारकेला हॉर्न न वाजवणारा माणूस मला आश्वस्त करतो. घाई कुठे जिरवायची ते त्यांना सापडलं आहे.

पैशाकडे परत येते. पैशाचं बोलणं झालं, त्यांनी चूक मनापासून मान्य केली, की मग एक आकडा ठरवा. वर्षाचा आकडा, दोघांनी मिळून. त्यातून आधी मोडलेली एफडी हप्त्याहप्त्याने भरून निघेल आणि उरलं तर शर्यत. शर्यतीचं खातं वेगळं, त्याचा मेसेज दोघांच्या मोबाइलवर. मुलीची दहावी संपेपर्यंत चेन्नई बंद, असं तुम्ही म्हणालात तर मला ते वाजवी वाटतं. एक वर्ष ट्रॅक कुठे पळून जात नाही. तोवर हौस अगदीच मारायला नको. कोल्हापूरजवळ चांगला कार्टिंगचा ट्रॅक आहे. कार्टिंगमध्येही चाकाला चाक लावून पळता येतं आणि खर्च चेन्नईच्या मानाने फार कमी. नाशिकला तर मोटर स्पोर्टची जुनी सवय आहे. रॅली ऑफ महाराष्ट्र ही राष्ट्रीय अजिंक्यपदातली रॅली आपल्या आसपासच्या रस्त्यांवर झालेली आहे, ऑटोक्रॉसही होतात. फक्त हे लक्षात घ्या की रॅलीत किंवा ऑटोक्रॉसमध्ये बहुधा एकेक गाडी घड्याळाशी झगडते. शेजारी माणूस नसतो. त्यांना शेजारचा माणूस हवा असेल तर ऑटोक्रॉसने समाधान होईलच असं नाही, त्यांनी करून बघावं.

'गाडी की घर' हे मात्र विचारू नका. ते घरच म्हणतील, मला त्याबद्दल फारशी शंका नाही. ट्रॅकवर जाणं थांबेल. त्याबरोबर ओट्यावर लिंबं घेऊन येणंही थांबेल, आणि तुमच्या घरात एका विषयावर कायमची बोलती बंद होईल. तुम्हाला हवी आहे ती हमी: की तो मला सांगेल, विचारेल, जपून राहील. तीच मागा, त्याच शब्दांत मागा. कोईमतूरच्या माणसाला ते वळणावर जागा सोडतात, मग एफडी मोडताना तुम्हाला का सोडली नाही, हा प्रश्न त्यांना नक्की समजेल. त्यांच्या भाषेतला आहे.

जमलं तर दहावीनंतर एकदा त्यांच्याबरोबर जा. घरी देवापुढे बसून ऐकलेला फोन आणि भिंतीशी फळा धरून बघितलेली शर्यत यांत भीती सारखीच असते, पण तिथे ती डोळ्यांसमोर असते, मनात वाढत नाही. तिथेही नाहीच आवडलं तर दुसऱ्यांदा जाऊ नका, तोही निर्णय तुमचाच.

आणि ती खो-खोची ओळ. 'मी कधी हट्ट धरला नाही' असं लिहिलंत तुम्ही. ते सोडून देऊ नका. आता गुडघे त्या वेगाला साथ देणार नाहीत कदाचित, पण शाळेच्या पोरींना शिकवायला, शिट्टी धरून मैदानावर उभं राहायला लागतो तो डोळा, तो तुमच्याकडे आहे. तुमच्या मुलीच्याच शाळेत विचारा. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी ठरवा आणि त्या दोन दिवशी स्वयंपाक त्यांचा. वर्षाचा आकडा ठरवाल त्यात तुमच्या बुटांचे पैसे आधी धरा.

पुढच्या वेळी ते लिंबं घेऊन आले की त्यांचं वळण पूर्ण ऐकून घ्या, गॅस बंद करून. मग आणखी सहा लिंबं काढा. आठ एका ओळीत मांडा, एकाआड एक उलट्या तोंडाने, तोंड कुठे ते देठावरून. दोन टोकांना मिठाची आणि मोहरीची डबी, ते खांब. पाठलाग करणारी म्हणून एक सुपारी. आणि पळणारी म्हणून एक लसणाची पाकळी घ्या, ती तुम्ही. कॉलेजातल्या ज्या सामन्यात तुम्ही सगळ्यांत जास्त वेळ टिकला होतात तो त्यांना सुरुवातीपासून दाखवा.